खालच्या मॅडमचं कोरल

४ जानेवारी, सकाळी ७.१०
आज या घरात विज्ञानाला फ्रिजबाहेर काढण्यात आलं. अत्यंत जड अंतःकरणाने ही नोंद करतो आहे. फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा, जिथे गेले आठ महिने माझ्या समुद्री माशाच्या टँकचं पाणी तपासायची टेस्ट किट्स उंचीनुसार ओळीने उभी होती, तिथे आज लिंबं होती. सात. मोजली. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी हे तिघे बाहेर, सिंकजवळ, भांड्यांच्या साबणाला टेकून बसलेले. हिला जाब विचारला. ही म्हणाली की लिंबं खायची असतात, तुमचे थेंब कोण खातं? मी म्हणालो की बाटलीवर 'थंड जागी ठेवा' असं स्पष्ट छापलंय. ही म्हणाली की लिंबांवर छापावं लागत नाही, ते ज्याचं त्याला कळतं.
निषेध म्हणून जेवताना लिंबू घेतलं नाही. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

४ जानेवारी, सायंकाळी
संकल्प. यापुढे या वहीत फक्त टँकच्या नोंदी. आकडे, वेळ, सही. घरगुती राजकारणाला इथे जागा नाही. (लिंबं आता सहा आहेत.)

६ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या मॅडम स्वतः जिना चढून वर आल्या. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. या गल्लीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पास केलंय आणि उरलेले अजून त्यांना पाहून रस्ता बदलतात. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून पाच आठवडे तिच्याकडे चालल्या आहेत. त्यांच्या समुद्री टँकमध्ये एकच कोरल आहे, हॅमर जातीचं, तीन तोंडांचं. निवृत्तीच्या आठवड्यात घेतलं तेव्हा शर्टच्या बटणाएवढं होतं, आता माझ्या पंजाएवढं झालंय. ते पाच आठवडे माझ्या टँकमध्ये ठेवाल का, असं विचारलं.
मला! अख्ख्या इमारतीत त्यांना विश्वासाचा माणूस एकच दिसला. उघड आहे. वजनमापे खात्यात चोवीस वर्षं निरीक्षक आहे. शहरातले तराजू माझ्यासमोर उभे राहताना थरथरतात. एकशेवीस लिटर पाणी काय चीज आहे?
कन्या म्हणते की मॅडमनी आधी आईला बाजूला घेऊन विचारलं, तुमचे हे त्याला हात न लावता राहू शकतील ना? कन्या अकरावीला गेल्यापासून ऐकीव माहितीवर फार विसंबते.

८ जानेवारी
कोरल आलं. मॅडमनी बादलीतून, बाळाला अंघोळीनंतर उचलतात तसं, टँकमध्ये ठेवलं. तासाभरात तिन्ही तोंडं फुलली. हिरवट, टोकाला सोनेरी, पाण्यात मऊ डोलणारी. माझा एकुलता एक मासा, हवालदार (दिवसभर टँकला गस्त घालतो म्हणून कन्येने ठेवलेलं नाव), तीन फेऱ्या सोडून बघत उभा राहिला. मी अकरा फोटो काढले.
मॅडमनी जाताना एक कागद दिला. सुवाच्य अक्षर. एक, जेवढं पाणी उडेल तेवढं साधं फिल्टरचं पाणी घालणे. दोन, आठवड्याला दहा लिटर पाणी बदलणे. तीन, बाकी काही करू नका.
तिसऱ्या वाक्याखाली रेघ ओढली होती.
मी हसून कागद घडी करून खिशात ठेवला. मॅडम जुन्या पिढीच्या. त्यांच्या काळी मोजमाप एवढं विकसित नव्हतं. दारातून त्या म्हणाल्या की अकरा वर्षांत हे एकदाही मिटून बसलेलं नाही, मी येईन तेव्हा असंच दिसलं पाहिजे बरं का, निरीक्षकसाहेब. मी म्हणालो, मॅडम, याहून चांगलं दिसेल.
म्हणालो ते म्हणालो. लिहूनही ठेवतो.

९ जानेवारी, सायं. ६.००
पाहुणं आलं म्हणून नवा हायड्रोमीटर आणला. पाण्यातला खारटपणा मोजायचं यंत्र. जुना म्हणजे काचेची नळी, पाण्यात तरंगते, बघायला थर्मामीटरसारखी, दिसायला गरीब. नवा म्हणजे पारदर्शक चपटा डबा, आत लाल काटा, पाणी भरलं की काटा झुलत वर येतो आणि आकड्यावर थांबतो. दोनदा तीनदा भरून पाहिला. देखणा काटा आहे.
जुना म्हणतो १.०२५, म्हणजे कोरलसाठी अगदी योग्य. नवा म्हणतो १.०२८, म्हणजे पाणी खारट झालंय.
दोन यंत्रांत फरक आला तर काय करायचं हे मला कोणी शिकवायला नको. जुनं यंत्र बाद. ऑफिसातलं 'नामंजूर' छापलेलं लाल स्टिकर काचेच्या नळीला गोल चिकटवून ती ड्रॉवरमध्ये टाकली. ही म्हणाली, आठ महिने तीच नळी बरोबर होती ना? मी म्हणालो की आठ महिने ती पकडली गेली नव्हती.
नव्याचं सूचनापत्रक बारीक अक्षरातलं, सहा घड्यांचं. सामान्य ग्राहकांसाठी असतं ते. ठेवून दिलं.

१० जानेवारी
टँकमधलं पाच लिटर पाणी काढून साधं पाणी घातलं. नवा काटा अजून १.०२८. म्हणजे पाणी किती खारट असेल बघा, पाच लिटरने त्याच्या अंगावर ओरखडाही उठला नाही.
नियम तीन मोडला असं कोणी म्हणेल. माझ्या मते हे नियम एकमध्ये बसतं. साधं पाणी घालणे असं स्वच्छ लिहिलंय.

१३ जानेवारी
आणखी दहा लिटर बदललं, साधं पाणी घालून. १.०२६. प्रगती.
मॅडमचा मेसेज: कोरल कसं आहे? फोटो पाठवा. आजचा फोटो पाठवला. तिन्ही तोंडं उघडी. डावं थोडं आखडल्यासारखं, पण माणूससुद्धा नव्या घरी चार दिवस अंग आवरून झोपतो.

१५ जानेवारी
आठवड्याचं पाणी बदलायचा दिवस. बादलीत दहा लिटर पाणी, त्यात समुद्री मीठ, काट्याने मोजून मोजून अगदी १.०२५. मीठ कमी लागलं. गेल्या महिन्यापेक्षा पाकीट जास्त पुरतंय. मोजमाप काटेकोर असलं की काटकसर आपोआप होते. हिला सांगायला गेलो. ही फोनवर होती. हाताने 'नंतर' अशी खूण केली.

१८ जानेवारी, सकाळी
१.०२५!!
लाल काटा रेघेवर असा थांबला की घड्याळाच्या दुकानात लावावा. कन्येला बोलावून दाखवला. ती म्हणाली, बाबा, आकडा छान आहे, पण कोरल का मिटलंय?
पाहिलं. डावं तोंड अर्धं आत. मधलं सुरकुतलेलं. उजवं ठीक.
हे विचित्र आहे. खारटपणा आदर्श झाला त्याच दिवशी कोरल रुसलं. काही जणांना चांगल्या परिस्थितीची सवयच नसते.

१८ जानेवारी, दुपारी
पूर्ण तपासणी. डायनिंग टेबलावर. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी आणि एक एक थेंब. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात विरघळलेला सोडा. त्यातून आणि कॅल्शियममधून कोरल आपलं हाड बांधतं, तेव्हा या दोघांशिवाय त्याचं घर उभं राहत नाही. थेंब मोजताना श्वास रोखला. निळ्याचा पिवळा झाला तेराव्याच थेंबाला, एका थेंबाला अर्धा अंश. आठ हवी, साडेसहाच्याही खाली आहे.
कॅल्शियमचा रंग गुलाबीचा निळा व्हायला हवा. माझ्या मते झाला. कन्या म्हणाली हा जांभळा आहे. ही स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, हा वांग्याचा आहे. दोन थेंब आणखी टाकले तेव्हा तिघांचं एकमत झालं. तीनशे चाळीस. चारशे वीस हवं.
म्हणजे खारटपणा पूर्ण, पण मिठात असायला हवा तो माल नाही. मिठात भेसळ! चोवीस वर्षांच्या नाकाला हा वास लगेच येतो.

१९ जानेवारी
मॅडमचा मेसेज: आजचा फोटो?
कोरल अर्धं मिटलेलं. त्यांची बहीण आजारी, उगाच त्रास कशाला. आठ तारखेच्या अकरा फोटोंपैकी चौथा पाठवला. 'आजचा' असं लिहिलं नाही. नुसता पाठवला. यात खोटं काहीच नाही.

२१ जानेवारी
माशांच्या दुकानावर धाड. अधिकृत ओळखपत्र, बॅग, प्रमाणित वजनांची पेटी. मालक टँकच्या काचा पुसत होता. मला पाहून म्हणाला की या साहेब, आज मासे बघायला आलात की मला? मी म्हणालो, मीठ.
तराजू तपासला. शून्यावर. वजनं टाकली, ग्रॅमचाही फरक नाही. मग दोन किलोचं मिठाचं बंद पाकीट ठेवलं. दोन किलो वीस ग्रॅम. पाकिटाचं वजन वजा केलं तरी दोन किलोच्या वर.
मालक म्हणाला, साहेब, जास्तीचं परत घेऊ का?
गिऱ्हाइकं हसली. मी चेहरा न हलवता वहीत नोंद केली. वजनात पकडता येत नाही याचा अर्थ दर्जात गडबड आहे. तिथे माझं खातं पोचत नाही, हे त्याला ठाऊक असणार.
लक्षणं सांगितली तेव्हा त्याने विचारलं की साहेब, खारटपणा नक्की किती? मी म्हणालो १.०२५, नव्या यंत्राने. तो म्हणाला की मग तुम्हीच सांगा मी काय सांगू. कॅल्शियमची एक पावडर आणि सोड्याची एक, असे दोन डबे दिले. बजावून सांगितलं: अर्धा अर्धा चमचा, वेगवेगळं विरघळवून, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, दोन्ही एकत्र कधीच नाही. फार बोलतो हा माणूस.

२२ जानेवारी, सकाळी ६.४०
आज सायंकाळी ऑफिसची बैठक लांबणार. म्हणजे संध्याकाळचा डोस चुकणार. एका डोसासाठी कोरलची उपासमार? दोन्ही पावडरी मोठ्या मगमध्ये एकत्र केल्या, भरपूर गरम पाणी, चांगलं ढवळलं. चमचे अर्धे नव्हेत, आठवड्याची तूट भरायची म्हणून चार चार. मगमध्ये फसफस झाली आणि पाणी पांढरं पडलं. पोषक असणार.
६.५२. टँकमध्ये ओतलं.

२२ जानेवारी, सकाळी ६.५५
टँक दिसत नाही. म्हणजे टँक आहे, आतलं काही दिसत नाही. पांढरं. धुक्यातून मधूनच हवालदाराची शेपटी येते आणि जाते. ही दात घासत आली. ब्रश तोंडातच ठेवून म्हणाली, दूध ओतलंत?
मी म्हणालो ही रासायनिक प्रक्रिया आहे. ती म्हणाली, दूध नासणंही तेच असतं.

२२ जानेवारी, रात्री ८.३०
धुकं निवळलं. खाली वाळूवर, दगडांवर, पंपावर पांढरा थर, जणू भिंतीचा चुना पडलाय. कन्येने पुस्तक काढून वाचून दाखवलं की कॅल्शियम आणि सोडा दाट असताना भेटले की खडू तयार होतो आणि तळाला बसतो. म्हणजे मी कोरलला खडू दिला. मी म्हणालो की त्याच्या मालकिणीला खडूची सवय आहे. कोणी हसलं नाही.
तिन्ही तोंडं पूर्ण आत.

२३ जानेवारी
अल्कलिनिटी सहा. काल एवढं घालून खाली! घातलेलं आणि आधीचं, दोन्ही खडू होऊन बसलं.
मॅडमना आठ तारखेचा सातवा फोटो.

२४ जानेवारी
मॅडमचं उत्तर: छान. हवालदार रोज याच कोपऱ्यात, याच तिरक्या अंगाने उभा असतो का?
मी लिहिलं, शिस्तीचा मासा आहे.
कन्येने फोन हातातून घेऊन मोठा करून दाखवला. काचेत माझं प्रतिबिंब. खांद्यावर टॉवेल. सातव्या फोटोत, चौथ्यात, सगळ्यांत तोच टॉवेल तसाच. म्हणाली, बाबा, तुम्ही काय दोन आठवडे अंघोळीला निघालेलेच आहात का?
यापुढचे फोटो कापून पाठवावेत.

२६ जानेवारी
संकल्प: आता पाच दिवस काहीही घालायचं नाही. फक्त निरीक्षण.

२६ जानेवारी, दुपारी ३.००
सोडा अर्धा चमचा. निरीक्षण करताना हात मोकळा होता.

२८ जानेवारी
१.०२६ दिसला. थोडं साधं पाणी. १.०२५.
हे एकच पॅरामीटर मी खऱ्या अर्थाने हातात ठेवलेलं आहे. बाकी सगळं हाताबाहेर गेलं तरी हा लाल काटा माझा आहे. ऑफिसातून आलो की बूटही न काढता आधी डबा बुडवतो. ही म्हणाली की देवाला लोक एवढं भजत नाहीत.

२९ जानेवारी
मिठाच्या कंपनीला तक्रारीचं पत्र टाइप करायला घेतलं. चार पानं. 'ग्राहकाच्या विश्वासाचा कणा' हा शब्दप्रयोग जमला आहे.

३१ जानेवारी, सायं. ६.१५
डाव्या तोंडाचं मांस सुटतंय.
तपकिरी चिकट धागे निघतात आणि प्रवाहात वाहून जातात. खाली पांढरं हाड दिसायला लागलं. टॉर्च लावून बघितलं. चूक नाही.

३१ जानेवारी, सायं. ७.००
ही स्टूल घेऊन टँकसमोर बसली. वीस मिनिटं. मग म्हणाली, मॅडमना सांगा. मी म्हणालो सांगतो, आधी पाणी स्थिर होऊ दे. ती म्हणाली, अहो, ते पाणी तुमच्यासाठी स्थिर होणार नाही. ते त्यांचं आहे, अकरा वर्षांचं. तुमचं नाही.
टोमणा नव्हता तो. म्हणूनच लागला.

१ फेब्रुवारी
मेसेज लिहिला: मॅडम, सौम्य ताण जाणवतो. पुसला.
लिहिलं: मॅडम, मिठाच्या दर्जाबाबत काही शंका. पुसला.
लिहिलं: मॅडम, हवालदाराच्या वागणुकीमुळे. हा तर लिहितानाच पुसला. मासा निर्दोष आहे.

२ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
आजचा फोटो पाठवला. न कापता. टॉवेल नाही, शर्ट आहे. वर काहीच लिहिलं नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी ८.२४
दोन निळ्या रेघा. उत्तर नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी ११.४०
ऑफिसात चार दुकानांची कागदपत्रं होती. एकही नीट वाचलं नाही.

२ फेब्रुवारी, दुपारी १.०५
मॅडमचं उत्तर: उद्या येते. काही घालू नका.

३ फेब्रुवारी
सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.
मॅडम सकाळी साडेदहाला आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन, आठ लिटरचा, स्वतः जिना चढून आणलेला. हिने धावत जाऊन घेतला. ही म्हणाली की बहीण एकटी पडली असेल ना हो. मॅडम म्हणाल्या, ती आता काठीने चालते आणि काठीनेच मला हाकलत होती, मी रोज सकाळी तिला तिच्या गोळ्यांची नावं विचारायचे ना.
मग त्या टँकपाशी गेल्या. वाकून बघत राहिल्या. चष्मा वर, चष्मा खाली. कन्या, ही आणि मी मागे रांगेत उभे, गृहपाठ न आणलेल्या वर्गासारखे. शेवटी त्यांनी हात पाण्यात घातला आणि डाव्या तोंडाच्या हाडाला एका बोटाने हलकेच स्पर्श केला. म्हणाल्या, हे गेलं.
मी सांगायला सुरुवात केली. मीठ, भेसळ, अल्कलिनिटी, कॅल्शियम, वह्या, आलेख. मॅडमनी वही घेतली, पानं उलटली. म्हणाल्या की थेंब तुम्ही नीट मोजलेत, आकडे एकमेकांना धरून आहेत. मला बरं वाटलं. पुढे म्हणाल्या, सगळे एकाच प्रमाणात खाली आलेत. अल्कलिनिटी वीस टक्के, कॅल्शियम वीस टक्के. पाणी पातळ झालं की असंच होतं. खारटपणा कसा मोजता, दाखवा.
मी डबा आणला. समारंभाने बुडवला, भरला, त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. लाल काटा झुलला आणि रेघेवर थांबला. १.०२५. मी म्हणालो, बघा.
मॅडमनी डब्याला नखाने टिचकी मारली.
काट्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले बुडबुडे सुटले. तीन मोठे, तांदळाच्या दाण्याएवढे, आणि एक बारीक. वर गेले. काटा खाली आला. आणखी एक टिचकी. आणखी खाली. १.०२०.
मी डबा पुन्हा बुडवून भरला. १.०२५. टिचकी. १.०२०. तिसऱ्यांदाही तेच. बुडबुडे काट्याला खालून उचलत होते. नव्या प्लास्टिकला ते चिकटतातच, मॅडम म्हणाल्या, सूचनापत्रकात पहिल्या ओळीत असतं. आणि मी पंचवीस दिवस त्या बुडबुड्यांना खूश ठेवण्यासाठी चांगलं समुद्राचं पाणी काढून साधं पाणी ओतत होतो.
मॅडमनी मला एवढंच विचारलं: दुकानदाराचा तराजू तपासताना तुम्ही पारड्याखाली काही चिकटवलंय का ते आधी बघता ना?
बघतो, म्हणालो. सगळ्यात आधी तेच बघतो.
लग्नाला वीस वर्षं झाली, अशी संधी हिच्यासमोर पहिल्यांदाच एवढी उघडी येऊन पडली होती आणि हिने ती तशीच जाऊ दिली. कन्येने खोकल्याचा आवाज काढून खोलीबाहेर जाणं पसंत केलं.
मग मॅडमनी उपाय सांगितला. एकदम मीठ घातलं तर उरलेली दोन तोंडंही जातील. टँकमधून रोज साधारण दोन लिटर पाणी उडतं, तेवढंच या कॅनमधलं खारं पाणी घालायचं. साध्याऐवजी खारं, म्हणजे हळूहळू चढेल. चार दिवस कॅन पुरेल, पुढे तुम्ही बनवा, टिचकी मारून. कोरल आत्ता इथून हलवायचं नाही. मी रोज पाच वाजता येऊन बघेन.
दारात उभं राहून मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, तीनपैकी दोन म्हणजे सहासष्ट टक्के. माझ्या वर्गात पास झाला असतात. आणि जिना उतरताना कठड्याला धरून एक पायरी थांबल्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. बरं झालं.

४ फेब्रुवारी
कंपनीचं पत्र पुसून टाकलं. चार पानं. कणाही गेला.
ड्रॉवरमधून काचेची नळी काढून तिच्यावरचं लाल स्टिकर नखाने सोललं. गोंद राहिला.

५ फेब्रुवारी
संकल्प: इलेक्ट्रॉनिक मीटर घ्यायचा. दोन दशांश, आपोआप दुरुस्त होणारा, निळा दिवा. शिवाय एक संगणकीय डोसिंग पंप, म्हणजे मानवी चूक शून्यावर. यादी करून हिला दाखवली. ही म्हणाली, शून्यावर आणायचंय ते यादीत लिहायचं राहिलंय.
यादी घडी करून ठेवली आहे. फेकलेली नाही.

७ फेब्रुवारी, सायं. ६.३०
मॅडम पाचला आल्या, खुर्ची ओढून टँकसमोर बसल्या, चहा घेतला. सव्वा तासात चार वाक्यं बोलल्या, त्यातली तीन हवालदाराशी. मधलं तोंड नखाएवढं बाहेर आलं होतं. मी ते त्यांच्या आधी पाहिलं होतं, पण सांगितलं नाही. त्यांना दिसू दिलं.
त्यांचा कॅन आज रिकामा झाला.

११ फेब्रुवारी
मी स्वतः बनवलेलं पाणी घालतो आहे. भरायचं, टिचकी, वाट बघायची, पुन्हा टिचकी. टँक १.०२३. नळीही तेच म्हणते.
अल्कलिनिटी सात. आणखी काही घातलं नाही. हात पाठीमागे बांधून उभा राहतो. ही म्हणाली की असे तुम्ही लग्नात उभे होतात.

१५ फेब्रुवारी
दुकानातून मिठाचं पाकीट आणलं. मालकाने विचारलं, कोरल कसंय साहेब? मी म्हणालो, दोन तोंडं आहेत. तो म्हणाला, होती तीन. मी म्हणालो, होती.
मग तो पाकीट तराजूवर ठेवू का म्हणाला. मी म्हणालो नको.

१९ फेब्रुवारी
१.०२५. तीनदा टिचकी मारून.
मधलं आणि उजवं, दोन्ही पूर्ण फुललेली, डोलताहेत. डाव्याच्या जागी पांढरी रिकामी वाटी. तिच्या कडेला हवालदार आज थांबला, आत डोकावला आणि निघून गेला.
मॅडम म्हणाल्या, आता न्यायला हरकत नाही. मी म्हणालो, आणखी आठवडाभर राहिलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, नको, घरी जाऊ दे त्याला. बादलीत ठेवताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बादली मला धरायला दिली. जिना दोघांनी मिळून उतरलो. एकेका पायरीवर थांबत, पाणी हलू न देता. त्यांच्या टँकमध्ये ते मी ठेवलं. त्यांनी फक्त सांगितलं कुठे.
टँकशेजारच्या पिंपाचं झाकण उघडं होतं. मॅडम घरी तयार खारं पाणी करून ठेवतात ते पिंप. तळाला वीतभरच उरलं होतं. माझ्याकडे आणलेला कॅन यातूनच भरला असणार.

२० फेब्रुवारी
टँक मोठा वाटतो. हवालदार गस्त घालतोय, पण कशाभोवती ते त्याला ठरवता येत नाही.
फ्रिजच्या दारातला कप्पा आज रिकामा सापडला. किट्स तिथे परत ठेवायचा विचार होता. ठेवली नाहीत. सध्या काही मोजायचं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी ६.२०
काल संध्याकाळी बादलीत मीठ भिजवून रात्रभर पंप फिरता ठेवला होता. सकाळी मोजलं. टिचकी, टिचकी, टिचकी. १.०२५. नळीने पुन्हा मोजलं. मग त्यांच्या आठ लिटरच्या कॅनमध्ये काठोकाठ भरलं. झाकण आवळलं, बाहेरून पुसलं.
जिना उतरताना चपला काढून हातात घेतल्या. मॅडमच्या दाराशी कॅन ठेवला, भिंतीच्या बाजूला, उघडताना दाराला लागणार नाही असा. बेल वाजवली नाही. वर आलो.